ऑपरेटरच्या खिडकीतलं जेड

विमा कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या लहान खोलीत टेलिफोन ऑपरेटर बसतात. वय सत्तावन्न. नवव्या वर्षी दृष्टी गेली, चोविसाव्या वर्षी ही नोकरी लागली. दोनशे वीस एक्स्टेन्शन तोंडपाठ. खोलीत टेबल, टेलिफोनचा बोर्ड, कपाट, दोन खुर्च्या आणि पूर्वेच्या खिडकीत मातीची कुंडी. तीत गुडघ्याएवढं जेडचं झाड, मनगटासारख्या जाड खोडाचं.

एकोणीस वर्षांपूर्वी सोबतच्या ज्येष्ठ ऑपरेटरबाई निवृत्त झाल्या, तेव्हा जाता जाता त्यांनी चार बोटांची फांदी यांच्या हातात ठेवली. "फार लाड करू नका, म्हणजे जगेल," एवढंच म्हणाल्या.

ऑपरेटरांनी लाड केले नाहीत. दर सोमवारी कुंडी दोन्ही हातांनी उचलायची आणि वजन अजमावायचं. मग एक जाड पान चिमटीत धरायचं. टणक असेल तर पोट भरलेलं; किंचित लवलं तर तहान. कुंडी हलकी आणि पान मऊ, दोन्ही जुळलं तरच पाणी. उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांनी, थंडीत महिन्यातून एकदा. उजेडाकडे झाड झुकतं, म्हणून पंधरवड्याने कुंडी थोडी फिरवायची.

या इमारतीत त्यांच्यासाठी बरंच काही दुसरं कोणी करतं. शिपाईदादा डबा गरम करून आणतो. आवक-जावक विभागातल्या बाई परिपत्रकं वाचून दाखवतात. जिन्यावर कोणीतरी न विचारता कोपर धरतं. जेडचं मात्र सगळं ते स्वतः करतात.

यंदा नवे मॅनेजर आले आणि त्यांनी झाडांचं काम एका एजन्सीला दिलं. दोन महिन्यांनी एजन्सी खोल्याखोल्यांतली जुनी झाडं नेणार आणि आपली ठेवणार होती. ऑपरेटर वर जाऊन म्हणाले, "माझं राहू द्या."

"ठणठणीत असेल तर राहू दे," मॅनेजर म्हणाले. "पण मरतुकडं झाड खिडकीत नको. रस्त्यावरून दिसतं."

ही गोष्ट दुपारपर्यंत मजलाभर झाली.

पुढच्या सोमवारी कुंडी उचलली तर जड लागली. पाणी घालून दोन आठवडे झाले होते. आणखी आठवड्याने ती त्याहून जड होती. त्यांनी खोड चाचपलं. मातीलगत अंगठा आत रुतला, अतिपिकल्या फळात रुततो तसा.

त्या दिवशी ते जेवायला गेले नाहीत. कपाटामागच्या खुर्चीत गप्प बसून राहिले. सव्वा वाजता रबरी चपला आत आल्या आणि बाटलीतून पाणी गटगट ओतल्याचा आवाज झाला.

"दादा, किती ओतलंत?"

बाटली खाली पडली. "आई गं! साहेब, तुम्ही इथेच?"

"आधी सांगा."

"अर्धी बाटली. रोज घालतो. पानं सुरकुतली होती हो. तुम्हाला कुठे दिसणार, म्हणून म्हटलं..."

तेवढ्यात दारात अंगठी काचेच्या पेल्यावर वाजली.

"बाई, तुमच्याही हातात पेला आहे ना?"

"मी आपली दिवसाआड घालते," बाई ओशाळून म्हणाल्या. "झाड गेलं तर तुम्हाला लागेल. उगाच बोभाटा नको म्हणून बोलले नाही."

"स्टोअरवाले भाऊसुद्धा घालतात," शिपाईदादाने लगेच चुगली केली. "संध्याकाळी. मगाने!"

"तीन तीन आया," ऑपरेटर म्हणाले. "बाळ बुडवलंत."

तिघांची चूक समजण्यासारखी होती. मुळं कुजली की झाडाला पाणी ओढता येत नाही, आणि कुंडीत चिखल असतानाही पानं सुरकुततात. डोळ्यांना ती तहान वाटते. त्यांनी पानं पाहिली आणि आणखी ओतलं. कुंडी उचलून बघावी, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

"मला विचारायचं होतं," ऑपरेटर म्हणाले. "शून्य दाबलं की मीच उचलतो."

शिपाईदादाने वाकून बाटली उचलली.

चार वाजता त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं आणि कुंडी उपडी केली. मुळं ओल्या दोऱ्यांसारखी हातात आली. कुबट वास सुटला. स्टोअरवाल्या भाऊंनी आणलेल्या सुरीने त्यांनी खोड कापलं. काप मऊ लागला. वर कापलं, तोही मऊ. चौथ्या कापाला बोटाखाली घट्ट, निरोगी लागलं. तोवर हातात वीतभर दुबेळकी फांदी उरली होती. एकोणीस वर्षांचं खोड केराच्या टोपलीत गेलं.

फांदी त्यांनी कपाटावर कोरडीच ठेवली. नऊ दिवस.

"नऊ दिवस उपाशी?" बाईंना राहवेना. "जीव आहे हो त्याला!"

"पाणी त्याच्या पानांत आहे. जखम आधी सुकू दे, नाहीतर परत कुजेल."

घरी बायको म्हणाली, "अहो, रोपवाटिकेतून चार आणू की आपण."

"आणू. पण हे मरतंय की जगतंय ते कळू दे."

दहाव्या दिवशी त्यांनी जाड वाळू आणि विटांचा चुरा मिसळलेल्या मातीत फांदी रोवली. आठवडा गेल्यावर दोन चमचे पाणी घातलं. खरी परीक्षा त्यानंतर होती. ज्या माणसाला जग हातानेच कळतं, त्याला हात आवरायचा होता. फांदी जरा हलली तरी कोवळी मुळं तुटतात. चार आठवडे त्यांनी खिडकीची कड पुसली, कुंडीला बोट लावलं नाही. आणि हात न लावता, मूळ धरलं की नाही हे कळायला मार्ग नव्हता. सहकाऱ्यांनीही पाण्याची भांडी लांब ठेवली, बाई तर आत येताना आधीच सांगत, "रिकाम्या हाताने आलेय."

ठरलेल्या दिवशी एजन्सीचा माणूस यादी घेऊन आला. मागे मॅनेजर होते.

"खोली तीनशे चार. जेड, खराब," त्याने वाचलं.

"काडीच राहिलीय," मॅनेजर म्हणाले. "काढा."

"ओढू नका!" ऑपरेटर उठले, पण त्या माणसाने फांदी धरून ओढली होती. कुंडी कलली. फांदी निघाली नाही.

"मूळ धरलंय की याने," तो म्हणाला. त्याने फांदी सोडली आणि कुंडी सरळ केली. "नव्याने लावलंय? कोणी?"

"मी."

"जगेल का?" मॅनेजरांनी विचारलं.

"यांनी असंच कोरडं ठेवलं, तर तुमची बदली झाली तरी हे इथेच असेल."

शिपाईदादा दारात फिसकन हसला. मॅनेजर खिडकीपाशी आले. मग म्हणाले, "खोडा ती ओळ." कागदावर पेन फिरल्याचा आवाज आला.

निघता निघता तो माणूस कुंडीवर वाकला. "शेंड्याला पानांची नवी जोडी फुटलीय, साहेब. तांदळाएवढी. पाहिलीत का?"

"नाही," ऑपरेटर म्हणाले. "अजून हात लावला नव्हता."

"मग लावा की आता."

ऑपरेटरांनी बोटं पँटला पुसली आणि हात पुढे केला.