तीनाच्या जागी नऊ

आमच्या दवाखान्याच्या मुख्य अधिकाऱ्याला आम्ही नर्सा फलकसाहेब म्हणतो. काही बिघडलं की हा गृहस्थ भिंतीवर एक फलक चिकटवतो. ओल्या फरशीवर एक म्हातारी घसरून पडली, तर याने 'सावकाश चाला' लावलं. नळ अजून गळतोय. देवाने या माणसाला डोकं दिलंय ते टोपी ठेवायलाच असणार.

माझी धाकटी जाऊ आणि मी एकाच वॉर्डात. घरी आमचं उठता-बसता वाजतं, पण कामात तिचा हात धरणारं कोणी नाही. हे मी तिच्या तोंडावर मरेपर्यंत बोलणार नाही, म्हणून इथे सांगते.

औषध सोडायचे आमचे पंप दोन जातींचे. जुन्यांवर आकडे फोनसारखे, एक-दोन-तीन वरच्या ओळीत. नव्यांवर कॅल्क्युलेटरसारखे, सात-आठ-नऊ वर. नवे साहेबांनी स्वतः पसंत करून आणले आणि जागा दिसेल तिथे ठेवून दिले. एका खाटेशी हा, शेजारी तो.

त्या दुपारी जावेला एका आजोबांना गुंगीचं औषध तासाला तीन मिली सोडायचं होतं. एका हातात सलाईनची बाटली, पाठीमागे नातेवाइकांचा गलका, टेबलावर फोन कोकलतोय. बोट सवयीने वरच्या उजव्या कोपऱ्यात गेलं. जुन्या पंपावर तिथे तीन असतो. या पंपावर नऊ होता. आजोबांचा श्वास मंदावला. ते पाहिलं तिनेच, पंप बंद केला तिनेच आणि डॉक्टरांना हाताला धरून ओढत आणलं तेही तिनेच. आजोबा वाचले.

फलकसाहेबांनी चौकशी लावली. तिने 'माझा निष्काळजीपणा' असं लिहून सही करावी, नाहीतर कायमचं घरी बसावं. आणि माझा दीर, नवरा म्हणवतो स्वतःला, म्हणे करून टाक सही, त्यात काय एवढं. शेळपट मेला.

चौकशीत वरून एक इंजिनियर बाई आली. माणसाचा हात कुठे चुकतो आणि वस्तू कशी केली, कुठे ठेवली तर चुकणार नाही, हा तिचा अभ्यास. आम्ही नाकं मुरडली, आली आणखी एक शहाणी. पण ती दिवसभर खाटांमध्ये उभी राहून नुसते आमचे हात बघत होती. शेवटी तिने सांगितलं, एका वॉर्डात एकाच जातीचे पंप ठेवा. विकत काही घ्यायला नको, फक्त हलवाहलवी.

बैठकीत साहेब खुर्चीत रेलून म्हणाले, "पंप हलवले तर चूक पंपांची होती असं होईल. मग जबाबदार कोण?"

पंप कोणी आणले ते सगळ्यांना ठाऊक होतं. तरी मोठमोठे डॉक्टर मिठाची गुळणी धरून बसले. थू असल्या शिक्षणावर. इंजिनियर बाई भांडली, पण तिला फक्त सल्ला द्यायचा अधिकार होता.

जाऊ उठली. मला वाटलं, आता रडणार. ती म्हणाली, "सही करते. पण आधी पंप हलवा. माझ्या वॉर्डात नवा पंप दिसेनासा झाला की पेन द्या."

साहेबांची कळी खुलली. पंप संध्याकाळच्या आत हलले आणि तिची सही झाली. जिन्यात गाठून मी तिला झाप झाप झापलं. नसतं बालंट गळ्यात कशाला घेतलंस? ती शांतपणे म्हणाली, "जाऊबाई, उद्या तिथे तुमचं बोट गेलं असतं."

बक्षीस म्हणून साहेबांनी तिला चादरी मोजायच्या खोलीत टाकलं. वर्षभरात पुन्हा तशी चूक झाली नाही. होणार कशी? पण वर्षअखेरच्या सभेत या निर्लज्जाने छाती फुगवून सांगितलं, की एक निष्काळजी नर्स हलवली आणि चुका थांबल्या. लोकांनी टाळ्या पिटल्या. मग त्याने मागच्या रांगेत बसलेल्या जावेला सगळ्यांसमोर उभं केलं आणि विचारलं, काही शिकलात ना यातून?

"शिकले, साहेब," ती म्हणाली. "पंप तेवढे परत आणू नका."