न फाडलेली पावती

ती घटना आठवली की आजही माझा मलाच राग येतो. पोलिसाच्या नोकरीत चोर, दरोडेखोर पुष्कळ पाहिले. हा गुन्हा तसा साधा होता, अतिवेगाचा.

सकाळची हजेरी आटोपून मी चहा घेत होतो. अक्कलकोट रस्त्यावरून फोन आला. भरधाव कार मेंढ्यांच्या कळपात घुसली, चार मेंढ्या जागीच मेल्या, मेंढपाळाचा पाय मोडला आणि कार पळून गेली. मी सरकारी दवाखान्यात जाऊन मेंढपाळाचा जबाब घेतला.

"लई जोरात आली, सायेब. हात केला, वरडलो, पर थांबलीच न्हाय. नवीच गाडी व्हती. पुढं वाळका हार लोंबत व्हता, त्येच्यात लंबर झाकला."

हार म्हटल्यावर माझ्या मनात पाल चुकचुकली. मी तिकडे दुर्लक्ष केलं.

दुपारी एका गाड्या धुण्याच्या सेंटरवाल्याने फोन केला. "साहेब, एक पोरगं नवी कार सोडून गेलंय. पुढचा भाग आधी धुवा म्हणालं. मला वाटलं रगत हाय, पर त्यो लाल रंग हाय. जाळीत लोकर बी अडकलीया."

आमच्याकडचे मेंढपाळ आपला कळप ओळखू यावा म्हणून मेंढ्यांच्या पाठीवर रंगाचा पट्टा मारतात. मी बंपरचा फोटो मेंढपाळाला दाखवला. "ह्यो माझाच रंग की!" म्हणत तो उठून बसायला लागला. पंचनामा करून कार टो करून ठाण्यात आणली.

नंबरवरून मालक निघाले ते माझ्या मुलीचे गणिताचे सर. दहावीच्या वर्षी एक पैसा न घेता त्यांनी तिला घरी शिकवलं होतं. मुलाला घेऊन ते ठाण्यात आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "गाडी मी चालवत होतो. घाबरून पळालो. अतिवेगाचा काय दंड असेल तो घ्या."

"सर, बसा. हे दंडावर भागणारं नाही," मी म्हणालो. वेग म्हणजे दोन-एक हजारांचं चलन, एवढंच लोकांना ठाऊक असतं. पण परवाना निलंबित होतो. माणूस जखमी झाला की निष्काळजीपणाचा गुन्हा लागतो, कोर्टात उभं राहावं लागतं, प्रसंगी तुरुंगही होतो. जखमीला टाकून पळालं तर त्याचं कलम वेगळं. मी सगळं समजावून सांगितलं, तरी सर हलेनात. मुलगा मान खाली घालून बसला होता. एसटीत चालक म्हणून त्याची निवड झाली होती, फक्त नेमणुकीचं पत्र यायचं बाकी होतं.

खोटं बोलणाऱ्यावर ओरडून उपयोग नसतो, त्याला काम सांगावं. मी किल्ली सरांच्या हातात दिली. "जरा गाडी लिंबाखाली घ्या बरं."

सर गाडीत बसले आणि किल्ली कुठे घालायची ते शोधू लागले. स्टिअरिंगखाली चाचपलं, वाकून पाहिलं. कपाळावर घाम आला. मुलाला ते पाहवेना.

"आप्पा, उतरा," तो म्हणाला. "तिला किल्ली घालायची नसते, बटण असतं." मग माझ्याकडे वळला. "साहेब, मी चालवत होतो. ते तर घरी होते." सर तिथेच स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडले. मलाही बघवत नव्हतं.

आता माझा गुन्हा सांगतो. चार दिवस आधी त्याच रस्त्यावर, पुढे पूजेचा हार लावलेल्या त्याच नव्या कारला, आमच्या माणसांनी वेगासाठी अडवलं होतं. मी तिथे होतो. सरांचा मुलगा म्हटल्यावर मीच शिपायाला म्हणालो, "जाऊ दे रे, आपल्या सरांचा पोरगा आहे." वर त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, "हळू चालव बाबा." तो हसत 'हो काका' म्हणाला आणि गेला. केवढा मोठेपणा वाटला होता मला!

कोर्टाने शिक्षा म्हणून दंड केला, मेंढपाळाला भरपाई द्यायला लावली. परवाना निलंबित झाला, नेमणुकीचं पत्र आलंच नाही. मेंढपाळ आजही लंगडतो. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी ओळखीच्या माणसाची पावती आधी फाडली, नमस्कार नंतर केला. लोक मला खडूस म्हणाले. म्हणू देत.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर मी सरांची माफी मागितली. ते एक पायरी खाली उतरले. मग म्हणाले, "साहेब, त्या दिवशी तुम्ही पावती फाडली असती, तर मी तुमच्यावर रागावलो असतो. फार तर दोन दिवस."