संभाचा कोरा रकाना

आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाची आकडेवारी मी ठेवते. उजव्या बचावाच्या एका जागेसाठी दोघे होते. राजूनं दर सामन्यात दहा-बारा चेंडू अडवलेले, संभाचा रकाना जवळजवळ कोरा. फायनलमधून संभाला वगळा, असं मी प्रशिक्षक मामांना लिहून दिलं.

आज सराव पाहताना लक्षात आलं, चेंडू घेऊन येणारा प्रत्येक जण संभाला बघून दुसरीकडे वळतो. मग तो अडवणार काय? काही माणसं नुसती उभी असतात म्हणून संकट वाट बदलतं. त्याची नोंद कुठल्या रकान्यात करायची?

मी धावतच गेले. "मामा, संभाचं नाव खोडलं का हो?"

"वैनी, तुमची वही वाचतो, पण खेळ डोळ्यांनी बघतो की! हाय तो संघात."

हुश्श करून मी खाली बसले. मैदानाच्या उजव्या बाजूला चेंडू घेऊन कुणी फिरकतच नव्हतं. संभा कमरेवर हात ठेवून उभा होता.