एका ओळीत अख्खं घर

हसा खुशाल, पण आधी ऐकून घ्या. भर दुपारी मी आमचं अख्खं घर मारून टाकलं. तेही एका ओळीत!

झालं काय, पूर्वी एका ब्राउझरमध्ये एक्सएमएल, म्हणजे नावाच्या कप्प्यांत मांडलेली माहिती, थेट स्क्रिप्टमध्ये लिहिता यायचं. ‘कुटुंब.नाव’ म्हटलं की नाव हजर. पुढे ती सोय काढून टाकली. मला इतकं वाईट वाटलं, की तशीच सोय देणारी कोडची लायब्ररी मी घरी बसून लिहिली. वापरणारा जगात एकच. कोण? हा तुमच्यासमोर बसलाय तो!

मग बाबा गेले. अंबरनाथ एमआयडीसीतून रिटायर झाल्यापासून ते आमच्या बुद्धविहाराचे सचिव होते. सगळ्या कुटुंबांची एक्सएमएल यादी त्यांनीच भरलेली. रविवारी त्यांचा जलदानविधी होता, आमच्यात गेलेल्या माणसासाठी करतात तो. म्हटलं, निमंत्रणाचं पान माझ्या लायब्ररीने करू. बाबांच्या कामी एकदा तरी येऊ दे.

पानावर ‘कालकथित’, म्हणजे दिवंगत, असं लिहून पुढे आमच्या कुटुंबातून ‘नाव’ मागितलं आणि न बघताच ग्रुपवर लिंक टाकली. पण माझी लायब्ररी भारी हुशार! आत दडलेली सगळी नावं वेचून आणली तिने. कालकथित: बाबा, आई, ताई आणि मी!

पहिला फोन बदलापूरच्या मामाचा. उचलला आईने. मामा हुंदके देतोय.

“अरे, मी बोलतेय!”

“तू? तू तर गेलीस ना गं?”

“कुठे जाणार? गॅसवर भात आहे माझा!”

अर्ध्या तासात उल्हासनगर कॅम्प चारचे काका दारात. बाबांचे जुने सिंधी दोस्त.

“अरे बेटा, तू जिंदा आहेस? मग हे चार हार कोणाला घालू?”

मी घाईघाईने कोड बदलला. कालकथित म्हणून नोंद असलेलीच नावं दाखव! पान उघडलं, तर कोरं. आम्ही तिघं वाचलो, पण बाबाही गायब! नसलेलं मागितलं तरी लायब्ररी चकार शब्द काढत नाही, मीच तशी केलीय. आणि यादी बाबांनी भरलेली, हो. स्वतःला कालकथित कोण लिहील?

आई मागे उभी होती. पडद्याकडे बघत म्हणाली, “म्हणजे यात ते आहेत अजून?”

“हो.”

तिने कीबोर्ड माझ्यापुढे सरकवला. “लिही मग तूच हाताने. एवढंसं तर आहे.”

खरं सांगू? ‘कालकथित’ या शब्दापुढे बाबांचं नाव माझ्या बोटांनी लिहायचं नव्हतं मला. म्हणून तर लायब्ररीला पुढे केलं होतं.

शेवटी लिहिलं. मी, एवढा मोठा प्रोग्रामर! एक नाव टाइप करायला पाऊण तास लागला.