कोपऱ्यातली सही

शहाद्याच्या बस स्टँडजवळ ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवणारे एक जण आहेत, त्यांना सगळे पेंटरदादाच म्हणतात. चित्र संपलं की ते थोडे मागे सरतात, मान तिरकी करून बघतात आणि मगच कोपऱ्यात सही करतात.

परवा मी तिथे कॉलेजच्या बसची वाट बघत होतो, तेव्हा एका ट्रॉलीमालकाने मोबाईलवर एआयकडून काढून घेतलेली बैलजोडी आणली. दादांनी ती हुबेहूब उतरवली आणि लगेच ब्रश धुवायला घेतला.

"दादा, नाव टाका ना तुमनं!" मालक म्हणाला.

"हाई चित्र मन्हं नही शे." चित्र आपलं नाही म्हणून दादांनी सही केलीच नाही.

मालक हसत ट्रॉली घेऊन गेला. दादांनी मला विचारलं, "तू कॉलेजमा जास ना? मंग आते लोके माले पेंटर म्हनतीन का?"

तेवढ्यात बस आली. चढताना मी रोजच्यापेक्षा जरा मोठ्यानेच म्हणालो, "येतो, पेंटरदादा!"

त्यांनी ओला ब्रश वर केला.