कराचीकाकीच्या मुंग्या

तारापूरजवळच्या त्या मच्छीमारांच्या आळीत सगळ्या छपरांवरच्या डिशा समुद्राकडे पाठ करून बसल्यात. त्यातल्या निम्म्या मीच बसवल्या, माझे गुडघे त्यातच गेले. एकट्या कराचीकाकीच्या कौलांवर मात्र जुना ॲल्युमिनियमचा अँटेना उभा होता, आणि तोही वायव्येला, थेट दर्याकडे तोंड करून. बाकीच्यांचे कधीच भंगारात गेले होते. हिचा लखलखीत. खाऱ्या वाऱ्यानं तो काळा पडायचा आणि काकी तो उतरवून चिंचेनं घासायची. मग परत चढवायला मी.

"अहो काकी, ते पितळ नाही," मी वैतागून म्हणायचो.

"मंग काय झाला? उजळतंय ना?"

काकीचा नवरा गुजरातच्या एका बोटीवर खलाशी होता. बोट हद्दीपलीकडे गेली, पलीकडच्यांनी धरली, आणि तो कराचीच्या तुरुंगात जाऊन बसला. इकडे ऑफिसांत चौकशी करून करून काकीच्या चपला झिजल्या. कुणी धड काही सांगेना. शेवटी तिनं टीव्हीवर भरवसा टाकला, तिकडच्या बातम्यांत कधीतरी तो दिसेल म्हणून.

त्यात अगदीच वेडेपणा नव्हता. पावसाआधी हवा तापली की पाण्यावरून लांबलांबच्या केंद्रांच्या लहरी आपल्या किनाऱ्याला लागतात. माझ्या वडिलांच्या पिढीनं तिकडच्या मालिका फुकटात पाहिल्यात. पुढे आपल्याकडचं जुनं प्रक्षेपण बंद झालं, त्याची फ्रिक्वेन्सी मोकळी झाली, आणि काकीच्या टीव्हीत ते पलीकडचं केंद्र पुसटसं दिसायला लागलं. बातमी त्या लहरींपेक्षाही लवकर गावभर झाली, आणि तिचं नाव कराचीकाकी पडलं.

जवळच अणुवीज केंद्र, त्यात ही बाई कराची लावते म्हटल्यावर एक हवालदार येऊन गेला. काकीनं त्याला चहा दिला, सुके बोंबील बांधून दिले आणि टीव्हीसमोर बसवलं. "तुमाला बी कोन दिसला त सांगा," म्हणाली. तो तासभर डोळे ताणून बसला आणि डोकं धरून गेला.

कारण पडदाभर नुसत्या काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या मुंग्या. मला तर माणूस कुठला आणि खांब कुठला, तेही कळायचं नाही. काकीला सगळं कळायचं. "ह्यो बघा, डावा खांदा पाडून चालतंय. ह्योच." ओळीनं चालणारी माणसं दिसली की त्यांत तिचा नवरा असायचाच. एकदा तर ती क्रिकेटची टीम होती, अशी माझी जवळजवळ खात्री आहे. त्या दिवशी काकी पोटभर जेवली, असं शेजारीण म्हणाली.

मी तिला एकदा समजावत होतो, की काकी, कोणती फ्रिक्वेन्सी कुणी वापरायची हे शेजारशेजारचे देश आधी ठरवून घेतात, एकाचं दुसऱ्याच्या अंगणात सांडू नये म्हणून. हे जे तुम्हाला दिसतंय, ते खरं तर दिसायला नको.

"दर्यात पन तसाच ठरवलेला हाय," काकी म्हणाली. "पाण्यात रेघ काय दिसत नाय. म्हनून तर आमचा मानूस तिकडं बसलाय."

मग एका उन्हाळ्यात मुंग्यांतली माणसं गेली. मी वर चढलो, अँटेना चारी दिशांना फिरवून पाहिला. काही नाही. पलीकडच्यांनीही डिजिटल केलं असावं. डिजिटलमध्ये अर्धंमुर्धं काही नसतं. पुरेसा सिग्नल असेल तर चित्र आख्खं येतं, नाहीतर काहीच येत नाही. आणि काकीच्या जुन्या टीव्हीला तर तेही जमणार नव्हतं.

"आख्खा कोनाला पायजे?" काकी म्हणाली. "थोडा दिसला असता तरी चालला असता."

मला ते सहन होईना. मी दुसऱ्याच दिवशी डिश बसवून दिली, नवा टीव्हीही जोडला. काही महिन्यांनी मच्छीमारांची एक तुकडी सोडल्याची बातमी आली. रिमोट तिला जमत नव्हता, म्हणून मी जाऊन बातम्या लावल्या. सीमेवरून एकेक माणूस येत होता. चेहरे इतके स्वच्छ की दाढीचे खुंट मोजावेत. काकी पडद्याला नाक लावून बसली होती. शेवटचा गेल्यावर ती उठली.

"नाय. यांत नाय," म्हणाली आणि मासे साफ करायला निघून गेली.

तो त्यांत होता. बोईसरला उतरून रिक्षानं दारात आला, तेव्हा काकीनं त्याला "कोन पायजे?" विचारलं म्हणतात.

नंतर अँटेना कायमचा उतरवायला तिनं मला बोलावलं. नवरा पडवीत जाळं विणत बसला होता. दात गेलेले, केस पांढरे, दोन्ही खांदे पडलेले. काकी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "तुमच्या टीवीवर समोरून गेला नि मी वळखला नाय. अजून पन रोज उठून बघते. ह्योच ना?"

जन्मभर लोकांना स्वच्छ चित्र विकलेला मी, पडवीकडे डोळे ताणून बघायला लागलो.

ती पडवीकडे वळली. "अवो!" तिनं हाक मारली.

"काय गो?" जाळ्यातून मान वर न करता तो म्हणाला.

तिनं ते डोळे मिटून ऐकलं.

"काय नाय," म्हणाली.