रिकाम्या घरावरच्या कृत्तिका

३१ ऑक्टोबर १९५६, सायंकाळी साडेसात वाजता, दौलतगंजातल्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर मी कॅमेरा तिकाटण्यावर चढवला. कचेरी भोपाळला हलली होती. पत्नी आणि मुले आठवड्यापूर्वीच पुढे गेली होती. दुसऱ्या दिवशी मला निघायचे होते. तिथल्या सरकारी बराकीला गच्ची नव्हती. कृत्तिकांचा एक तरी नेमका ठसा मिळवायचा, तर हीच रात्र होती. काचेची प्लेटही एकच उरली होती.

तीन हिवाळे प्रयत्न चालला होता. तारे बिंदू म्हणून कधी उमटले नाहीत. प्रत्येकाला शेपूट फुटे. पृथ्वी फिरते, म्हणून दहा सेकंदांपलीकडे प्लेट उघडी ठेवत नसे. कळ दाबताना बसणारा धक्का टाळण्यासाठी कचेरीची काळी टोपी भिंगापुढे धरून मगच झडप उघडत असे. तरी शेपूट राहिलेच.

त्या दिवशी धनत्रयोदशी होती. लगतच्या गच्चीवर शेजारच्या काकू यमाचा दिवा दक्षिणेकडे तोंड करून ठेवत होत्या.

"उद्या गाव सोडायचं, अन् आज तारे कसले धरताय? तुमचा दिवा कुठाय?"

"उजेड चालत नाही, काकू."

"यमाला अंधारात दिसतं वाटतं! घरची बाई नसली की असंच." त्यांनी दिव्याला सुपाचा आडोसा केला. "घ्या, काढा तुमचा फोटू. जल्दी करा पण."

कॅमेऱ्यामागच्या दुधी काचेवर मी हातभिंग टेकवले. एरवी तिथे कृत्तिका थरथरत. तो हवेचा दोष, असे मी धरून चाललो होतो. आज त्या खिळल्यासारख्या स्थिर होत्या. हवा तर तीच होती. गच्ची दगडी पाट्यांची, भिंतींवर आडव्या टाकलेल्या लांब फरशांची. खाली पत्नीने खलबत्ता चालवला किंवा मुले जिन्यावरून धावली, की हादरा पाट्यांतून तिकाटण्यापर्यंत पोचत असणार. आज खाली कोणी नव्हते.

टोपी बाजूला केली, दहा मोजले, पुन्हा धरली.

स्वयंपाकघराच्या खिडकीला कांबळे लावून तांबड्या कंदिलाच्या उजेडात प्लेट धुतली. स्वच्छ काचेवर सहा तारे काळे ठिपके होऊन उमटले. सुईच्या टोकाएवढे; एकालाही शेपूट नाही. दाखवायचे कुणाला? पत्नी एका रात्रीच्या प्रवासाइतकी दूर होती.

प्लेट भिंतीशी टेकवून वाळत ठेवली, धुण्याचे औषध मोरीत ओतले आणि खिडकीचे कांबळे काढून जमिनीवर अंथरले.